घरातला निरोगी माणूस

वासंती पोतनीसच्या शिट्टीची उज्जैनच्या एका मुलींच्या शाळेत दहशत होती. आई तिच्या हाताखालून गेलेली आणि आता मुलगीही जाते आहे, अशी कितीतरी घरं देवास गेटच्या आसपास सापडतील, आणि त्या घरांत पोतनीस मॅडमचं नाव काढलं की दोघीजणी एकदम ताठ बसतात. तरुण वयात वासंती दोरावरचा मल्लखांब करायची. पुढे पीटी टीचर झाली, आणि पोरींना दोरावर चढवता चढवता पन्नाशी ओलांडून गेली तरी तिच्या अंगावर मांस म्हणून चढलं नाही. माणसाबद्दल तिचं एकच मत होतं: शरीराचे लाड केले की ते डोक्यावर बसतं. तिची बाकीची सगळी मतं याच मताची पिल्लं. पोट दुखतं म्हणणारी मुलगी तिला बहाणेबाज वाटायची, दुपारी झोपणारी बाई आळशी, आणि डॉक्टरकडे वरचेवर जाणारा पुरुष तर तिच्या हिशेबी पुरुषच नव्हता.

अशा बाईशी संसार करणं सोपं नसतं. सुहास पोतनीसांनी तो केला, आणि वर हसतखेळत केला. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात खजिना सांभाळायचे. सुहासच्या वाट्याला एका सरकारी कॉलेजातलं ग्रंथालय आलं. माणूस संथ, थट्टेखोर. बायको पहाटे उठून सूर्यनमस्कार घालायची तेव्हा हा चादरीतून एक डोळा उघडून सांगायचा, की दोघांच्या वाटचे तूच घाल, पुण्य अर्धं अर्धं वाटून घेऊ. मुलगा राजस बंगळूरला नोकरीला गेल्यावर नानाखेड्याच्या त्या वरच्या मजल्यावरच्या घरात ही दोघंच उरली होती, आणि त्यांचं बरं चाललं होतं.

मग करोनाची दुसरी लाट आली, आणि दोघांना एकाच आठवड्यात ताप भरला. सुहासला दवाखान्यात न्यावं लागलं, नाकाला ऑक्सिजन लागला. वासंती घरीच राहिली. एकटीने खिचडी करून खाल्ली, एकटीने वाफारे घेतले, आणि ताप उतरल्याबरोबर घर धुऊन काढलं. पोतनीस वहिनींनी ताप उभ्याउभ्या काढला, असं कॉलनीत सगळे म्हणू लागले. राजस फोनवर मित्रांना आईचं उदाहरण द्यायचा. वासंतीला हे आवडत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. तिला ते फार आवडायचं.

सुहास घरी आले, पण पूर्वीचे सुहास आले नाहीत. आंघोळ केली की पलंगावर येऊन बसायचे आणि शर्टाची बटणं लावायला वेळ घ्यायचे. जिना चढताना मधेच थांबायचे. ज्या माणसाला पुस्तकाची पाठ पाहून कपाट सांगता यायचं, तो समोरच्या चमच्याचं नाव आठवत बसायचा. सगळ्या तपासण्या झाल्या. फुप्फुसं बरी, हृदय बरं, साखर बरी. डॉक्टर म्हणाले, कमजोरी आहे, जाईल. महिने गेले, कमजोरी गेली नाही. कॉलेजने दया म्हणून त्यांना बैठं काम दिलं.

वासंतीची दया मात्र पहिल्याच हिवाळ्यात संपली. रिपोर्ट चांगले असताना माणूस झोपून राहतो, म्हणजे त्याला सवय लागली आहे, असा तिचा हिशेब. तिने सुहासना पहाटे उठवून कोठी रोडवर फिरायला न्यायला सुरुवात केली. कोठी रोडवर सकाळी निम्मं उज्जैन फिरायला येतं. कुणी पळतं, कुणी टाळ्या वाजवत हसतं, कुणी गव्हांकुरांचा रस पीत उभं असतं. त्या गर्दीत सुहास पाय ओढत चालायचे आणि वासंती त्यांच्या मागून यायची. ते बाकाकडे वळले की म्हणायची, “अहो, बसायचं नाही. पडून राहून तब्येत सुधरत नसते. थोडी हिम्मत करा नं.” सुहास हिम्मत करायचे. आणि पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणातून उठायचे नाहीत. मग ती आणखी चिडायची, कारण तिला ते रुसणं वाटायचं.

शेजारच्या जयू वहिनींजवळ ती एकदा बोलून गेली, की यांचा आजार मनाचा आहे, पोतनिसांच्या घराण्यालाच कष्टाचं वावडं. दार उघडं होतं. आत सुहास वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही एवढंच.

आणि मग, असं म्हणतात की देव बघत असतो. पण देवाला कशाला मधे घ्या, विषाणूला काही माणसांचा न्यायनिवाडा करायचा नसतो. तो तिच्याही अंगात शिरलेला होता, एवढंच. त्याच हिवाळ्यात एक दिवस भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना वासंतीच्या छातीत धडधडायला लागलं. तिने कठडा धरला. गुडघ्यांखालचे पाय आपले नाहीतच असं तिला वाटलं. वर येऊन तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि नळ सोडून उगाचच भांडी विसळत उभी राहिली, धाप ऐकू जाऊ नये म्हणून.

वय झालं, असं तिने स्वतःला सांगितलं. मग सांगितलं, लोह कमी असेल. लोहाच्या गोळ्या चोरून खाल्ल्या. काही फरक पडला नाही. एखादा दिवस बरा जायचा. तेवढ्यात जोर करून तिने पोरींना दोर चढून दाखवला, की दुसऱ्या दिवशी अंगात कुणी वाळू भरली आहे असं व्हायचं आणि ते चार दिवस टिकायचं. कधी हजेरी घेताना समोरच्या मुलीचं नावच यायचं नाही. हे सगळं तिच्या ओळखीचं होतं. अगदी असंच ती रोज घरात बघत होती आणि त्याला सवय म्हणत होती.

लपवायचं म्हटलं की बाईमाणसाला काय जमत नाही. मैदानावर तिने खुर्ची मागवून घेतली. आता वरिष्ठ झाल्या मॅडम, असं सगळ्यांनी मानलं. मोकळा तास असला की ती खेळाच्या खोलीला आतून कडी लावायची आणि उड्यांच्या जाड गाद्यांवर आडवी व्हायची. त्या गाद्यांना धुळीचा आणि पोरींच्या घामाचा वास यायचा. घरी मीटिंग आहे असं सांगून ती संध्याकाळी राम घाटावर जाऊन बसायची. घाटाच्या पायरीवर बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही, की तू दमली आहेस की भाविक आहेस. मग अंगात थोडं बळ आलं, की स्कूटर काढून घरी यायची आणि जिन्यावरूनच सुहासना हाक मारायची, “अहो, आज चाललात का थोडं? की पडूनच होतात?”

ती हाक मारताना तिला लाज वाटायची. पण न मारण्याची तिला जास्त लाज वाटत होती, हे इथे सांगून टाकलेलं बरं. एक दिवस जरी ती बोलायची थांबली असती, तर सुहासनी विचारलं असतं, काय गं, काय झालं? आणि मग आपण वर्षभर ज्याला ढोंग म्हटलं तेच आपल्याला झालं आहे, हे त्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगावं लागलं असतं. तेवढं सोडून ती काहीही करायला तयार होती.

शाळेत डेंग्यूतून उठलेली मृण्मयी नावाची मुलगी मैदानावर आली आणि म्हणाली, मॅडम, मला पळवत नाही. एरवी वासंतीने तिला आधी दोन चकरा मारायला लावल्या असत्या आणि मग विचारलं असतं. त्या दिवशी ती म्हणाली, बस सावलीत. मुलगी आश्चर्याने बघत बसली. वासंतीने मान फिरवली. आजवर अशा किती पोरींना आपण पळवलं, याचा विचार तिला नको होता, आणि तो दिवसभर पाठ सोडीना.

अशात निहारिका आली. वासंतीची जुनी विद्यार्थिनी, आता डॉक्टर, मेडिकल कॉलेजात पुढचं शिकत होती. करोनानंतर रेंगाळणाऱ्या दुखण्यावर तिचं संशोधन चाललं होतं. सुहासचं नाव तिला कुठल्याशा डॉक्टरकडून मिळालं होतं, पण घरी आल्यावर तिचा चेहरा उजळला तो वासंतीला पाहून. तिने समजावून सांगितलं: एकाच घरातली दोन माणसं घ्यायची, एकाच वेळी ताप आलेली. एक बरं झालेलं, एक न झालेलं. हवा तीच, पाणी तेच, जेवण तेच. मग दोघांच्या रक्तात फरक कुठे दिसतो, ते शोधायचं. फरक सापडला तर तो आजाराचा माग.

“निरोगी माणूस मिळतच नाही घरात, मॅडम,” निहारिका म्हणाली. “प्रत्येकाचं काही ना काही असतं. तुमच्यासारखं फिट कोण भेटणार मला?”

सुहास हसून म्हणाले, की हिला घ्या, ही तर तापालाच कवायत करायला लावणारी बाई आहे. त्यांच्या बोलण्यात कौतुकच होतं, दुसरं काही नव्हतं. वासंतीने हो म्हटलं. नाही कसं म्हणायचं, ते तिला त्या क्षणी सुचलं नाही. आणि नंतर सुचलं तेव्हा उशीर झाला होता.

निहारिका प्रश्न वाचत गेली आणि वासंती नाही म्हणत गेली. जिना चढताना धाप लागते का? नाही. शब्द आठवत नाहीत असं होतं का? नाही. काम केल्यावर पुढचे दिवस अंथरुणातून उठवत नाही, असं होतं का? वासंतीने आपल्या शाळेतल्या आवाजात नाही म्हटलं. प्रत्येक नाहीबरोबर निहारिका खुशीत मान डोलवायची.

मेडिकल कॉलेजात दोघांची रक्ततपासणी झाली आणि चालण्याची चाचणी झाली. लांब व्हरांड्यात दोन टोकांना दोन शंकू ठेवलेले, त्यांच्यामधे सहा मिनिटं जितकं जमेल तितकं चालायचं. सुहास आधी चालले. दोनदा भिंतीला हात लावून थांबले आणि शेवटी तिथल्या स्टुलावर बसले. मग वासंतीची पाळी. तिने त्यासाठी दोन दिवस शाळेतून रजा घेऊन, शाळेत जाते असं सांगून, घाटावर बसून काढले होते. ती चालली. हात हलवत, मान वर, पोरींना संचलन शिकवताना चालते तशी. डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि ती चालत होती. सुहास स्टुलावरून बघत होते.

निहारिकाचे मोठे सर तिथे आले होते. त्यांनी दोघांचे आकडे पाहिले आणि सुहासच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पोतनीस साहब, मिसाल तो आपके घर में ही है। मैडम को देखिए। बस मन पक्का कीजिए।” माणूस वाईट नव्हता. त्याला जे दाखवलं गेलं, त्यावरून तो बोलला. सुहासनी मान हलवली.

घरी आल्यावर वासंती पडली ती पडलीच. सर्दी झाली म्हणाली. आणि सुहास, ज्यांना चहाचं आधण ठेवून उभं राहता येत नव्हतं, त्यांनी ओट्याजवळ खुर्ची नेली, बसून आलं किसलं आणि तिच्यासाठी काढा केला. कप तिच्या हातात देताना म्हणाले, “तुला कधी काही होत नाही नं, म्हणून सर्दीसुद्धा बघवत नाही.” वासंतीने काढा घेतला. सांगून टाकावं असं तिला वाटलं, आणि तिने विचारलं, साखर कमी का घातली.

काही आठवड्यांनी निहारिका रक्ताचे निकाल घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. सुहासच्या रक्तात एक गोष्ट थोडी वाढलेली सापडली होती. तिला वाटलं होतं, हाच तो माग. पण वासंतीच्या रक्तातही तीच गोष्ट, जवळजवळ तितकीच वाढलेली होती. आणि मॅडम तर ठणठणीत. म्हणजे त्या वाढीला काही अर्थ नाही, असं मोठ्या सरांचं म्हणणं पडलं. त्यांनी तो धागा सोडून द्यायला सांगितला होता, आणि सुहासना मानसोपचारासाठी पाठवायला.

वासंती ऐकत बसली. खोलीतल्या तिघांत तिला एकटीला माहीत होतं, की धागा बरोबर होता. ती एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं. पण निहारिकासमोर, आपल्या विद्यार्थिनीसमोर, मी खोटं बोलले असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने उठून निहारिकाला लाडू दिला.

सुहास मात्र त्या दिवसापासून बदलले. थकलो हा शब्दच त्यांनी टाकून दिला. सकाळी वासंतीच्या आधी उठून एकटेच कोठी रोडला जाऊ लागले. मागून कुणी बोलायची गरज उरली नाही. संध्याकाळी चेहरा पांढराफटक पडलेला असायचा आणि तोंडाने म्हणायचे, मस्त वाटतं आहे. त्यांनी कॉलेजात सांगून टाकलं, की बैठं काम नको, येत्या सोमवारपासून मी पूर्वीसारखा शिडीवर चढून पुस्तकं काढीन. जयू वहिनी म्हणाल्या, बघा, शेवटी मनावर घेतलं भाऊजींनी. वासंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या शुक्रवारी सकाळी कोठी रोडवरच्या रसवाल्याचा फोन आला. साहेब बाकावर बसले आहेत, उठत नाहीत, या. वासंती स्कूटरवर गेली. सुहास शुद्धीत होते. घामाने शर्ट भिजला होता आणि हात मांडीवर पालथे पडले होते. आजूबाजूला लोक चालत होते. ती शेजारी बसली. मग सुहास म्हणाले, “तुला जमलं, वासंती. तोच ताप, तेच घर. मला का जमू नये, तेच कळत नाही. मी कुठेतरी कच्चा आहे.”

हे ते तक्रार म्हणून बोलले नव्हते. त्यांचा आता त्यावर विश्वास बसला होता. वासंतीचे ओठ हलले. शेजारून दोन ओळखीच्या बायका नमस्कार मॅडम म्हणत गेल्या आणि तिने सवयीने ताठ बसून नमस्कार केला. मग म्हणाली, चला घरी. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरीही तोंड उघडेना. लाजेचं हेच तर आहे, ती जितकी वाढते तितका माणूस मुका होतो.

रविवारी दुपारी निहारिका पुन्हा आली. ठरल्याप्रमाणे तेच प्रश्न पुन्हा विचारायचे होते. सुहास इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीत ताठ बसले होते. ही ताठ बसण्याची तऱ्हा वासंतीच्या ओळखीची होती, कारण ती तिचीच होती.

जिना चढताना धाप लागते का, सर? नाही, सुहास म्हणाले. निहारिकाने वर पाहिलं. शब्द आठवत नाहीत असं होतं का? नाही. काम केल्यावर पुढचे दिवस उठवत नाही, असं? सुहास हसले. म्हणाले, “नाही बेटा. आता एकदम फर्स्ट क्लास.”

निहारिकाचा चेहरा फुलला. वासंती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने सुहासच्या तोंडून आपलंच ‘नाही’ ऐकलं, त्याच आवाजात, त्याच थाटात. या माणसाने आयुष्यभर तिची नक्कल करून तिला हसवलं होतं. ही नक्कल तो जीव तोडून करत होता, आणि उद्या याच नकलेच्या जोरावर शिडीवर चढणार होता.

“खोटं सांगताहेत ते,” वासंती म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. सुहासनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना वाटलं, आता ही परवाची बाकावरची गोष्ट काढणार. वासंतीने चौकट सोडली आणि ती पुढे येऊन बसली.

“आणि मी पण खोटंच सांगितलं तुला, निहारिका. पहिल्यापासून. मला धाप लागते. मुलींची नावं आठवत नाहीत. त्या दिवशी तुमच्याकडे चालून आले नं, त्यानंतर आठवडाभर मी उठले नव्हते. सर्दी नव्हती ती.”

निहारिकाच्या हातातला प्रश्नांचा टॅब तसाच राहिला. शाळेत आदराने वर बघणारे ते डोळे आता खाली गेले, आणि ते वासंतीने पाहिलं.

पण जे तिला खरोखर पाहावं लागणार होतं, ते दुसरंच होतं. तिने सुहासकडे मान वळवली, मार खायला वळवावी तशी. आणि सुहास हसत होते. डोळे भरून आले होते, आणि ते हसत होते. इतक्या वर्षांत तिने त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. राजस झाला तेव्हा पाहिला होता, त्यानंतर आत्ताच.

“म्हणजे मी कच्चा नव्हतो,” ते म्हणाले. “अगं, म्हणजे मला खरंच काहीतरी आहे.”

मग बायकोच्या आजाराने आपल्याला आनंद झाला, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पटकन तोंडावर हात धरला. खजील होऊन, माफ कर, असं काहीतरी पुटपुटले. माफी त्यांनी मागितली! वासंतीला वाटलं, त्यापेक्षा यांनी उठून थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

निहारिकाने घसा साफ केला. ती आता डॉक्टरच्या आवाजात बोलत होती. म्हणाली, मॅडमचं नाव निरोगी माणसांतून काढावं लागेल. सगळे प्रश्न पुन्हा विचारावे लागतील, खरी उत्तरं द्यावी लागतील. दोघांच्या रक्तात सापडलेली ती गोष्ट सरांना पुन्हा दाखवीन. ते रागावतील, पण दाखवीन. सुहासनी उद्या शिडीवर चढायचं नाही. तिने वासंतीला दोष दिला नाही. आधी मॅडम म्हणताना तिच्या आवाजात जे असायचं, ते मात्र आता नव्हतं. प्रश्न सुरू झाले. हे कधीपासून आहे, या पहिल्याच प्रश्नाला वासंतीने सांगितलं, की तापानंतरच्या हिवाळ्यापासून.

सुहासचा हात तोंडावरून खाली आला. त्यांना अलीकडे दोन गोष्टी एकमेकींना जोडायला वेळ लागायचा. त्यांनी वेळ घेतला, आणि जोडल्या.

“हिवाळ्यात तर आपण कोठी रोडला जात होतो,” ते म्हणाले. “तू मागून यायचीस. तेव्हा तुला पण असंच होत होतं?”

“हो.”

“मग मला का चालवत होतीस?”

वासंतीला खोटं सुचलं. एक सोडून तीन सुचली. तुमच्या भल्यासाठी, हे त्यातलं सगळ्यात सोपं होतं आणि ते सुहासनी मानलंही असतं. त्या माणसाने आजवर तिचं सगळंच मानलं होतं.

“तुम्हाला बसू दिलं असतं,” ती म्हणाली, “तर मलाही बसावंसं वाटलं असतं. मग लोकांनी मला पाहिलं असतं. म्हणून.”

सुहासच्या चेहऱ्यावरचं ते मघाचं सगळं मावळलं. ते रागावले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली, मोठ्या सरांसमोर हलवली होती तशीच, आणि निहारिकाला म्हणाले, की तुझे उरलेले प्रश्न विचारून घे, मी जरा आत जातो. भिंतीला हात धरत ते आत गेले. पलंग वाजल्याचं बाहेर ऐकू आलं.

निहारिकाने उरलेलं सगळं विचारलं आणि वासंतीने सगळ्याला हो म्हटलं. हो म्हणणं इतकं दमवणारं असेल असं तिला वाटलं नव्हतं. निहारिका निघाली तेव्हा तिला जिन्यापर्यंत पोचवायला वासंती उठली नाही.

आत खिडकी उघडी होती आणि ऊन पलंगाच्या अर्ध्यावर आलं होतं. सुहास भिंतीकडे तोंड करून पडले होते, झोपले नव्हते. ओट्यावर सकाळची भांडी तशीच होती. वासंती पलंगाच्या कडेला उभी राहिली. मग ती हळूच त्यांच्या शेजारी आडवी झाली. सुहासनी सरकून तिला जागा करून दिली. तोंड मात्र त्यांनी भिंतीकडेच ठेवलं.